गोठलेली विहीर

टेंभुर्णीच्या परिसरातील खोल विहिरीचे पाणी पौषातल्या पहाटे कोमट लागते आणि वैशाखात तेच गार वाटते. असे का व्हावे? पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते, बदललेली असते ती बाहेरची हवा. उन्हाळ्याची उष्णता आणि हिवाळ्याची थंडी जमिनीत उतरता उतरता क्षीण होत जातात. दहा-पंधरा मीटर खोलीवर वर्षभर जवळजवळ एकच तापमान राहते व ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ही सरासरी सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे.

आता हाच नियम सैबेरियातील याकुत्स्क शहराला लावून पाहू. तेथे उन्हाळा बऱ्यापैकी उबदार असतो, पण जानेवारीत तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरते. वर्षाची सरासरी शून्याच्या बरीच खाली आहे. मग खोलवरची जमीन कशी असणार? अर्थातच गोठलेली! १८२८ साली शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने तेथे पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. १८३७ पर्यंत ती सुमारे ११६ मीटर खोल गेली, तरी तळाशी गोठलेलीच माती होती. पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने विहिरीत तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा तळाचे तापमान उणे ३ अंशांच्या आसपास भरले.

निदान सलग दोन वर्षे शून्य अंशाखाली राहणाऱ्या जमिनीस चिरगोठित भूमी किंवा पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर गोलार्धातील सुमारे १५ टक्के जमिनीखाली ती आहे. तिच्यावरचा पातळ थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो.

ही जमीन आता वितळू लागली आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश गेल्या चाळीस वर्षांत जागतिक सरासरीच्या तिप्पट-चौपट वेगाने तापला. २० जून २०२० रोजी सैबेरियातील व्हर्खोयान्स्क येथे ३८ अंश तापमान नोंदले गेले. हा आकडा आपल्या एप्रिलमधला वाटतो ना?

एक ग्रॅम बर्फाचे तापमान उणे १ वरून शून्यावर आणावयास अर्धी कॅलरी पुरते. पण शून्य अंशावरील त्याच बर्फाचे पाणी करावयास ८० कॅलरी लागतात. ही सुप्त उष्णता मिळेपर्यंत जमीन शून्यावर रेंगाळते. म्हणूनच वितळण्याची क्रिया संथ असते. पण बर्फ एकदा वितळला, की मातीचा आधारच जातो. पाणी वाहून जाते, जमीन खचते आणि घरे, रस्ते, नळ वाकडेतिकडे होतात. बाटागाय गावाजवळ १९६०च्या दशकात झाडे तोडली गेली. सावली व शेवाळाचे पांघरूण नाहीसे झाले आणि जमीन ढासळू लागली. आज तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीची प्रचंड घळ आहे व ती अजून वाढतेच आहे.

दुसरा परिणाम मात्र सर्व जगाशी संबंधित आहे. या जमिनीत हजारो वर्षांची मेलेली झाडेझुडपे व प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. त्यांतील कार्बन सुमारे दीड हजार अब्ज टन, म्हणजे वातावरणातील कार्बनच्या दीडपटीहून अधिक आहे. जमीन वितळली, की जिवाणू कामाला लागतात. हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाणी साचून हवा कोंडली तर मिथेन तयार होतो, अगदी आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतो तसाच. वजनास वजन धरल्यास, शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो. या वायूंमुळे पृथ्वी आणखी तापते आणि जमीन आणखी वितळते. असे हे चक्र आहे.

सगळा कार्बन एकदम बाहेर पडेल, असे मात्र नाही. ही क्रिया दशकानुदशके, शतकानुशतके चालेल. किती जमीन वितळेल, हे आपण कोळसा व तेल किती जाळतो यावर पुष्कळसे अवलंबून आहे. चक्राला मिळणारा हा धक्का कमी करणे माणसाच्या हाती आहे. वायूंना देशांच्या सीमा नसतात. याकुत्स्कहून निघालेला मिथेन वर्ष-दीड वर्षात पृथ्वीभर मिसळतो आणि भीमेच्या काठावरही येतो.

करून पाहा : दोन सारख्या वाट्यांत बर्फाचे खडे व ओला चिखल सारख्या प्रमाणात भरून त्या शीतकपाटात गोठवा. बाहेर काढून प्रत्येकीवर एक छोटे वजन ठेवा. एका वाटीवर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, दुसरी उघडी ठेवा आणि दोन्ही उन्हात ठेवा. कोणते वजन आधी खचते? बाटागायच्या जंगलाचे काम येथे कोणी केले?

शिक्षकांना सोबत घेऊन आणखी एक प्रयोग करता येईल. खोल विहिरीच्या पाण्याचे तापमान डिसेंबरात व मे महिन्यात मोजा आणि वहीत लिहून ठेवा. दरवर्षी मोजत राहा. शेर्गिनला त्याच्या विहिरीत पाणी मिळाले नाही, पण त्या विहिरीने शास्त्राला जमिनीचे तापमान दिले. तुमची विहीर तर दोन्ही देईल!