आलेख वाचताना

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत गणिताविषयी लिहावे, याचे काही पालकांना नवल वाटेल. परंतु समाजाची प्रगती हल्ली सभांतून आणि वृत्तपत्रांतून बहुधा आलेखानेच दाखवली जाते. तो वाचता येत नसेल, तर दुसऱ्याने लावलेला अर्थ निमूटपणे स्वीकारावा लागतो.

संख्यारेषेचा नियम साधा आहे : समान फरकाला समान अंतर. आलेखाचे दोन्ही अक्ष म्हणजे अशा दोन संख्यारेषाच होत. आडव्या क्ष-अक्षावर १ सेंमी = १० वर्षे हे प्रमाण घेतल्यास १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा आणि १९९० हे वर्ष यांत ३.४ सेंमी अंतर पडते. १९९० च का, ते पुढे येईल.

जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जातींची साक्षरता १९९१ मध्ये ३७.४१ टक्के, २००१ मध्ये ५४.६९ आणि २०११ मध्ये ६६.०७ टक्के होती. उभा य-अक्ष शून्यापासून आखला, तर शेवटचा बिंदू पहिल्याच्या साधारण पावणेदोनपट उंचीवर येतो. तोच अक्ष ३० पासून आखला, तर पहिल्या बिंदूची उंची ७.४१ आणि शेवटच्याची ३६.०७ एकक, म्हणजे जवळजवळ पाचपट दिसते. आकडे तेच, खोटे काहीच नाही. तरीही डोळा फसतो. यासाठी आलेख हाती येताच आधी उभ्या अक्षाच्या तळाशी कोणती संख्या लिहिली आहे ते पाहावे, रेघ मागाहून.

ही चढती रेघ दाखवून 'आता सवलती कशाला?' असे विचारणारे आपणा सर्वांना भेटतात. त्यांच्यासमोर त्याच कागदावर देशाच्या एकूण साक्षरतेची रेघ काढावी : ५२.२१, ६४.८४, ७२.९९. दोन रेघांमधील उभे अंतर १४.८० वरून १०.१५ आणि पुढे ६.९२ वर आले आहे. ते निम्म्याहून अधिक घटले, हे आपल्या आईबापांच्या कष्टांचे फळ होय आणि ते अभिमानाने सांगावे. मात्र रेघा अजून मिळालेल्या नाहीत, हेही त्याच कागदावर दिसते.

आता १९९० कडे वळू. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये ७.१४ टक्के होते; १९९१ मध्ये ते ११.०९ झाले. रेघ एकाएकी उसळते. दहा वर्षांत जन्म एवढे वाढले काय? मुळीच नाही. १९९० च्या कायदेशीर दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. तोवर जनगणनेत स्वतःचा धर्म बौद्ध सांगणाऱ्यांची गणना त्या रकान्यात होत नव्हती. मोजण्याची व्याख्याच बदलली असता हे दोन बिंदू सरळ रेघेने जोडणे चूक ठरते. विद्यार्थ्यांनी तेथे रेघ तोडावी, १९९० च्या जागी खूण करावी आणि समासात तिचे कारण लिहावे.