कोळीवाड्याची पावसाळी विश्रांती आणि आपल्या विहिरी



सिल्लोडपासून समुद्र फार दूर. तरीही सुकट आणि बोंबील आपल्या आठवडी बाजारापर्यंत येतात. आपली मका कोंबडीखाद्याच्या कारखान्यात जाते, तेथे मासळीची भुकटीही लागते. समुद्रकाठच्या कोळी बांधवांचा धंदा आपल्याला वाटतो तितका परका नाही. फरक एकच आहे. आपण आधी पेरतो, मग कापणी करतो. कोळी समुद्रात पेरत नाही, फक्त काढतो. म्हणून बियाणे समुद्रातच राखून ठेवावे लागते. ते पूर्वी कसे राखले गेले आणि पुढे काय बिघडले, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

तिथीवर चालणारा धंदा

आपण नक्षत्रे पाहून पेरणीचा अंदाज बांधतो, तसा कोळी तिथी पाहतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटी मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती मंद असते, तो भांग. पालघरपासून रायगडपर्यंत वापरात असलेले डोल जाळे हे मोठ्या पिशवीसारखे असते. ते खुंटांच्या आधाराने प्रवाहासमोर तोंड करून लावतात. ओढीबरोबर बोंबील, जवळा, मांदेली आत शिरतात. प्रवाहाला जोर असला तरच जाळे भरते, म्हणून उधाणाचे दिवस कामाचे. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून उन्हात वाळवतात. वाळवणे, विकणे आणि पैशाचा व्यवहार बहुतेक स्त्रियांच्या हाती असतो.

रापण : मेहनतीचा वाटा

दक्षिणेला सिंधुदुर्गात रापण ही सामुदायिक पद्धत आहे. होडीतून लांब जाळे अर्धगोलात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे ओढतात. जाळ्याचा व होडीचा वाटा बाजूला काढून उरलेली मासळी ओढणाऱ्यांत वाटली जाते. आपल्याकडील सावडीसारखाच हा सहकार आहे.

नारळी पौर्णिमा

पाऊस जवळ आला की नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात. कोकणात या दिवसांना आगोट म्हणतात. घराघरांत सुक्या मासळीची बेगमी केलेली असते. पुढचे दिवस जाळी विणण्यात व डागडुजीत जातात. श्रावण पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून, नौका सजवून नवा हंगाम सुरू करतात. आपल्या पोळ्यात बैलाचा जसा मान, तसा त्या दिवशी दर्याचा.

या विश्रांतीचे मूळ कारण खवळलेला समुद्र हेच होते. शिडाच्या होड्या त्यात टिकत नसत. पण तिचा लाभ मोठा होता. बऱ्याच जातींच्या माशांची वीण याच सुमारास होते. नद्यांच्या पुराबरोबर अन्नद्रव्ये खाडीत येतात, सूक्ष्म जीव वाढतात आणि पिलांना खाद्य मिळते. पिलांना वाढीला वेळ मिळे, तो असा.

साधन बदलले, मर्यादा गेली

स्वातंत्र्यानंतर नौकांना इंजिने बसली, नायलॉनची जाळी आली. खवळलेल्या पाण्यातही जाता येऊ लागले. निसर्गाने घातलेली बंदी माणसाला कायद्याने घालावी लागली. त्यासाठी १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना लागू झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध घातले.

तरी लहान पिले जाळ्यात येतच राहिली. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे गाव पापलेटसाठी प्रसिद्ध. तेथील पापलेट घटत गेल्याची तक्रार मच्छीमारांनीच पुढे आणली. सन २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवण्यात आले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर, तर बोंबिलासाठी १८० मिलिमीटर आहे. कोवळे पापलेट पकडणे म्हणजे कणसात दाणा भरण्याआधीच मका कापणे होय.

आपल्या विहिरींचे काय?

आता आपल्या शिवाराकडे वळू. मोटेच्या काळात विहीर पूर्ण उपसणे अवघड होते. बैल थकत, रात्री झऱ्यांनी पाणी भरून येई. मोटेची मर्यादा हीच विहिरीची विश्रांती होती. विजेचा पंप आणि बोअर आल्यावर ती संपली. एकाने खोल बोअर घेतला की शेजाऱ्याची विहीर आटते. समुद्रातील मासा आणि भूगर्भातील पाणी दोन्ही सर्वांची मालमत्ता. नियम नसेल तर ज्याचे साधन मोठे, त्याचा वाटा मोठा.

गाव स्वतःच असा नियम करू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, सिंचनासाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. आपणही पुढील गोष्टी कराव्यात :

१) ऑक्टोबर अखेरीस गावातील निवडक विहिरींची पाणीपातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी.

२) पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी राखावे, उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे.

३) पाणी कमी असल्यास हरभरा, करडई, रब्बी ज्वारी घ्यावी. उन्हाळी पिकाचे क्षेत्र मर्यादित ठेवावे. मिरचीस ठिबक वापरावे.

४) सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ नये. हे बंधन १९९३ च्या कायद्यानेच आले. २००९ चा भूजल अधिनियम त्याहून व्यापक आहे.

५) गावतळ्यात मासे सोडले असल्यास बारीक आसाचे जाळे वापरू नये.

कोळी बांधव श्रावणात दर्याला नारळ देतात, कारण दोन महिने त्यांनी दर्याकडून काही घेतलेले नसते. पोळ्याला बैलाच्या खांद्याला आपण तूप लावतो, त्याच दिवशी गावकऱ्यांनी एकत्र बसून विहिरींच्या विश्रांतीचाही विचार करावा.