दाखला मागताना: परतूरच्या सिस्टरचे अनुभवाचे बोल

१. आधी आपण सांगावं. परतुरात मेडिकलवाला, लॅबवाला, अँब्युलन्सचा ड्रायव्हर सगळे एकमेकांच्या ओळखीचे. जालन्याला मुलाखत दिली की संध्याकाळपर्यंत दवाखान्यात बातमी. डॉक्टरांना ती दुसऱ्याकडून कळली तर मन दुखावतं नि पत्र अडतं. राउंड संपल्यावर, ओपीडीची गर्दी व्हायच्या आत मी म्हटलं, "सर, मी पुढे अर्ज करतेय. निवड झाली तर महिनाभर आधी सांगेन, नव्या सिस्टरला काम दाखवून जाईन." सर क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "मजकूर लिहून आणा."

२. अनुभव प्रमाणपत्र वेगळं, शिफारसपत्र वेगळं. दोन्ही मागावीत. प्रमाणपत्रात रुजू झाल्याची तारीख, पद, वॉर्ड, पूर्णवेळ काम आणि खाटांची संख्या हवीच. लेटरहेड, जावक क्रमांक, सही-शिक्का तपासूनच उठावं. एम्सच्या नॉरसेट परीक्षेसाठी जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडच्या कितीतरी मुली दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्यात जीव तोडून राबतात, आणि तो अनुभव तिथे धरला जात नाही. हे मला फार लागतं. नोकरी धरतानाच खाटा विचारा गं!

३. शिफारस ज्यांनी आपलं काम पाहिलं त्यांच्याकडूनच घ्यावी. "प्रामाणिक व मेहनती" एवढ्या दोन शब्दांनी निवड करणाऱ्याला काही कळत नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी एका रात्रीचं लिहिलं: बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, तेव्हा हिने गर्भाशय चोळायला घेतलं, आयाला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं, सलाइन सुरू केलं, दर पाच मिनिटांनी बीपी लिहिला. पुढच्या मुलाखतीत त्यावरच प्रश्न आले. असे प्रसंग डायरीत टिपून ठेवावेत नि पत्र मागताना त्यांची आठवण द्यावी.

४. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडे ठेवू नयेत. झेरॉक्स द्यावी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, तेही पाहावं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं.

५. आखाती देशात जायचं असेल तर पडताळणीसाठी थेट दवाखान्याला विचारणा होते. पत्रावर चालू फोन आणि ईमेल हवा. काउंटरवरच्या दादांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे फोन आल्यावर "इथे अशी कुणी नाही" असं उत्तर जाणार नाही.