खेळाडूची पात्रता : खालच्या संघाचा अंतिम सामना

जत्रेच्या निमित्ताने आपल्याकडे गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. पहिल्या फेऱ्या बहुधा सुखरूप पार पडतात. तंटा उभा राहतो तो अंतिम सामन्याच्या वेळी. कालपर्यंत कोणी न पाहिलेला एखादा धिप्पाड गडी एका संघाकडून मैदानात उतरतो आणि पंचांच्या टेबलाभोवती गर्दी जमते. "हा गडी कुठला? आजवर कुठे होता?" असा एकच गलका होतो. हा प्रश्न वरवर भांडणाचा वाटतो. पण वस्तुतः तो स्पर्धेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. त्यालाच खेळाडूच्या पात्रतेचा प्रश्न म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याच्या एका विशिष्ट अंगाचा विचार करावयाचा आहे. तो असा की, वरच्या संघातील खेळाडूने खालच्या संघाच्या अंतिम सामन्यात उतरावे काय?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ऑस्ट्रेलियात झालेला आढळतो. तेथे एक निराळाच फुटबॉल खेळला जातो. लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, आणि चेंडू हाताळण्यास मुभा, असे त्याचे स्वरूप आहे. त्याचे पहिले नियम मेलबर्न येथे १८५९ साली लिहिले गेले. तेथील क्लबांचा एक पहिला संघ असतो व त्याच्या खाली दुसरा, म्हणजे 'रिझर्व्ह' संघ असतो. व्हिक्टोरिया प्रांतातील मुख्य संघटनेने अशा दुसऱ्या संघांची स्वतंत्र स्पर्धा १९१९ साली सुरू केली. नवोदितांना अनुभव मिळावा आणि दुखापतीतून उठलेल्यांना पुन्हा सराव व्हावा, हा दुसऱ्या संघाचा उपयोग.

आता अडचण कोठे येते ते पाहू. साखळी सामने संपल्यावर अंतिम फेऱ्या सुरू होतात. पहिला संघही अंतिम फेरीत असेल तर त्याचे चांगले खेळाडू तेथेच गुंतलेले असतात. परंतु पहिला संघ बाद झाला आणि दुसरा टिकून राहिला, तर वरचे सगळे मातब्बर खेळाडू मोकळे होतात. त्यांना खाली उतरवले तर करंडक हमखास मिळेल, हा मोह क्लबला पडतो. म्हणून तेथील स्थानिक संघटना साधारणतः दोन अटी घालतात. पहिली, खेळाडूने त्या हंगामात ठरावीक संख्येने सामने खेळलेले असले पाहिजेत. दुसरी, वरच्या संघातून अधिक सामने खेळलेल्यास खालच्या संघाच्या अंतिम फेरीत प्रवेश नाही. आकडे संघटनेगणिक बदलतात. तत्त्व तेच राहते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हंगामात सोळा सामने आहेत आणि दुसऱ्या संघातून किमान पाच सामने खेळण्याची अट आहे. 'क्ष' वरच्या संघातून बारा व खालच्या संघातून दोन सामने खेळला. तो दोन्ही अटींनी अपात्र. 'य' वरून तीन व खालून अकरा खेळला. तो निःसंशय पात्र. 'ज्ञ' दुखापतीमुळे बराच काळ घरी होता आणि शेवटी खालच्या संघातून चारच सामने खेळू शकला. नियमाच्या अक्षराने तो अपात्र ठरतो. पण त्याने कोणाची जागा बळकावलेली नाही. अशा वेळी डॉक्टरांचा दाखला पाहून समितीने सवलत द्यावी, अशी तरतूद ठेवणे इष्ट. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, नियम खेळाडूचे कौशल्य मोजत नाही, हजेरी मोजतो. कौशल्यावर वाद घालता येतो. गुणपत्रकातील नावांवर घालता येत नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वाटेने साधली जाते. कबड्डीत कुमार गटाला वीस वर्षे व सत्तर किलो, तर किशोर गटाला सोळा वर्षे व पंचावन्न किलो अशी मर्यादा रूढ आहे. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळाडू नियमित विद्यार्थी आहे काय, हे आधी पाहिले जाते. वजनकाटा, जन्मदाखला आणि प्रवेशपावती ही आपली तीन चाळण्यांची व्यवस्था होय.

परंतु वय बसते म्हणून खालच्या पायरीवर कितीही काळ बसावे काय? भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६ साली याचे उत्तर दिले. एका खेळाडूने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा, असे ठरले. त्यापूर्वी मुंबईच्या सर्फराज खानसारखे खेळाडू २०१४ व २०१६ असे दोन्ही विश्वचषक खेळले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. नियमच तसा होता. नव्या नियमामुळे दर दोन वर्षांनी सगळ्या जागा नव्या मुलांसाठी मोकळ्या होऊ लागल्या. २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेत आपल्या बीडचा सचिन धस खेळला. बेनोनी येथील उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असता त्याने ९६ धावा केल्या आणि कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी रचली. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, ही गोष्ट वेगळी. सचिनने आपली जागा स्वतःच्या बॅटीवर मिळवली यात शंका नाही. पण जागा मोकळी असणे हेही महत्त्वाचे असते.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. अनेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत 'ब' संघाचा व्यवस्थापक म्हणून मी गेलो होतो. संघात ऊसतोड कामगाराचा एक मुलगा होता. आईवडील टोळीबरोबर कारखान्यावर, आणि हा मागे वसतिगृहात. साखळीचे सगळे सामने तो खेळला. अंतिम सामन्याच्या सकाळी 'अ' संघातला एक नामांकित चढाईपटू मोकळा असल्याचे कळले. मी त्याला घेतले आणि या मुलाला बाकावर बसवले. तसे करण्यास नियमाची आडकाठी नव्हती. आम्ही करंडक जिंकला. मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून तो मैदानावर आला नाही. करंडक आजही कपाटात आहे. त्याकडे पाहिले की नियम नसणे ही सोय कोणाची असते, हे कळते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पात्र स्पर्धेतील यशाचे प्रमाणपत्र एखाद्या घराची चूल पेटवू शकते. त्या वाटेची सुरुवात खालच्या संघातूनच होते. ती पायरीच कोणी अडवली तर वर जाणार कोण?

यावर असा आक्षेप घेतला जातो की, स्पर्धा जिंकण्यासाठीच असते आणि उत्तम संघ उतरविण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हा आक्षेप वरच्या संघापुरता मान्य करता येईल. खालची स्पर्धा मात्र खालच्या पायरीवरील खेळाडूंसाठीच निर्माण झालेली असते. तेथे वरचा खेळाडू आणून मिळवलेला विजय हा त्या स्पर्धेचा विजय नव्हे.

आपल्या महाविद्यालयातील आंतरवर्गीय सामन्यांपुरते तीन साधे नियम करता येतील. एक, पहिल्या सामन्यापूर्वी दोन्ही संघांची नावे लेखी द्यावीत. दोन, अंतिम सामन्यात खेळणाराने त्याच संघातून निम्मे साखळी सामने खेळलेले असावेत. आजारपणाचा अपवाद समितीने ठरवावा. तीन, हरकत घ्यावयाची ती नाणेफेकीपूर्वी लेखी घ्यावी. हरल्यानंतरची हरकत ऐकू नये. एवढे केले तर पंचांच्या टेबलाभोवतीची गर्दी ओसरेल, आणि साखळीभर घाम गाळणारा मुलगा अंतिम सामन्याच्या दिवशी बाकावर न बसता मैदानात असेल.