मोंद्रियानच्या चित्रातला नियम आणि लहर

साहित्य: पीट मोंद्रियानच्या 'ब्रॉडवे बूगी वूगी' (१९४२–४३) या चित्राची मोठी रंगीत प्रत, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, मोजपट्टी आणि निवांत अर्धा तास. मूळ चित्र १२७ सेंटिमीटरचं चौरस आहे, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. म्हणून फोनच्या पडद्यावर भागवू नका.

आधी नियम हेरा. रेषा फक्त आडव्या आणि उभ्या. रंग लाल, निळा, पिवळा. जोडीला पांढरा, करडा. त्याच्या आधीच्या चित्रांतली ठळक काळी रेषा इथे नाही. इथवर सगळ्यांनाच दिसतं, आणि बरेच जण फरशीची नक्षी पाहिल्यासारखे पुढे सरकतात. खरं काम यानंतर आहे.

ट्रेसिंग पेपर ठेवून पिवळे पट्टे गिरवा आणि त्यांच्यामधली अंतरं मोजा. कुठे दाटी आहे, कुठे ऐसपैस.

आता एकच आडवा पट्टा घ्या. तो कागदानं झाका आणि डावीकडून हळूहळू उघडत न्या. पुढचा चौकोन कुठे येईल, कोणत्या रंगाचा असेल, हे दरवेळी आधी ठरवा आणि मगच कागद सरकवा. पट्टे एकमेकांना छेदतात तिथे बहुधा रंग बदलतो, एवढं हाती लागेल. मधल्या चौकोनांचा अंदाज मात्र चुकत राहील. ही लहर नियमाबाहेरची नाही. नियम इतका कडक आहे म्हणूनच एक चौकोन बोटभर सरकला तरी जाणवतो.

मग बूगी-वूगी पियानो ऐका. डावा हात तीच चाल घोळवत राहतो, उजवा त्यावर सुचेल तसं वाजवतो. मोंद्रियानला हे संगीत फार आवडायचं. ऐकून झाल्यावर तोच पट्टा पुन्हा पाहा.

शेवटी प्रत उलटी धरा आणि तोल कुठे गेला ते लिहून ठेवा. ही पायरी टाळू नका. मोंद्रियानचंच 'न्यूयॉर्क सिटी १' (१९४१) रंगीत चिकटपट्ट्यांचं, अपुरं राहिलेलं काम आहे. ते कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या अभिरक्षक सुझान मेयर-ब्यूझर यांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं. पट्ट्यांची दाटी खाली नव्हे, वर हवी होती. तरी चित्र फिरवलं नाही, कारण जुन्या चिकटपट्ट्या सुटून येण्याची भीती होती.