हीट पंपचं सेटिंग: २०० लिटर आणि २० बादल्या

व्हिडिओत आकडे पटापट सांगून टाकले, म्हणून हिशोब इथे नीट लिहून देतो. घरगुती हीट पंप विकायचा विचार असेल तर वही घेऊन बसा.

आधी माझी चूक. बेसा भागात एका सहा माणसांच्या घरी आम्ही २०० लिटरचा हीट पंप बसवला. महिन्याभराने काकांचा फोन आला, "भाऊ, तुम्ही तर म्हणत होते बिल कमी येईल. मशीन वापस घेऊन जा." मी गेलो. सेटिंग ६५ अंशांवर, मोड बूस्ट. आमच्याच पोराने ट्रायल घेताना लावलेलं, तसंच राहिलं.

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. बूस्टवर मात्र आतला हीटरचा रॉड चालू होतो, तिथे १ ला १ च. म्हणजे काका महागाचं मशीन घेऊन गिझरच चालवत होते!

आता हिशोब. हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंश धरा. २०० लिटर पाणी ५० अंशांवर न्यायला ७ युनिट उष्णता लागते. रॉडने ७ युनिट वीज जाते, पंपाने सव्वादोन-अडीच. त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं केलं की होतं ३०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या २० बादल्या. टाकीत गार पाणी शिरत असतं, म्हणून शेवटच्या चार-पाच सोडून द्या. सहा जणांना दोन-दोन दिल्या तरी १२ च होतात. मग ६५ कशाला?

काकांसमोरच ५० लावलं, मोड इको, टायमर दुपारी १२ ते ४. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १० च्या आसपास असतो, दुपारी २५ च्या वर. हवा गरम असली की पंपाला कष्ट कमी.

पण ५० लावून मोकळे होऊ नका. साठवलेल्या कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांत, लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. त्याने न्यूमोनिया होतो, म्हाताऱ्या माणसांना जास्त धोका. म्हणून आठवड्यातून एकदा ६० पर्यंत तापवायचं. बऱ्याच मशीनमध्ये हे आपोआप होतं. ते चालू आहे का, स्वतः पहा. त्या दिवशी बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हे घरात सांगून या. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

मशीन वापस आलं नाही. तेव्हापासून घरात माणसं किती, अंघोळी किती वाजता, हे मी विकतानाच विचारतो आणि आठ दिवसांनी एक चक्कर मारतो. त्या चकरेचे पैसे किमतीतच धरलेले असतात.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी हात लावू देत नाही, तेव्हा मशीन बंद ठेवायला सांगा. हिवाळ्यात परत चालू करताना जुनं पाणी सोडून द्यायचं आणि आधी एकदा ६० लावायचं.