पाठ-टिपण : बँकेच्या नावाने येणारा दूरध्वनी

रावेर-यावलकडील केळीचे व शिरपूर-शिंदखेड्याकडील कापसाचे पैसे आता बँकखात्यात जमा होतात. पुष्कळ घरी आजोबांच्या मोबाइलवरील संदेश शाळकरी नातूच वाचून दाखवितो. म्हणून हा पाठ प्राथमिक शाळेतच द्यावा.

ठसविण्याचे मुद्दे :

(१) ‘कार्ड आजच बंद होईल’ अशी घाई लावणे ही ठकाची खूण होय.

(२) ओटीपी म्हणजे पेटीची किल्ली. बँक तो दूरध्वनीवरून विचारीत नाही. पैसे स्वीकारण्यास पिन लागत नाही.

(३) संदेशातील लिंक उघडू नये. शाखेत जाऊन चौकशी करावी.

(४) फसगत झाल्यास न लपविता तत्काळ १९३० वर व बँकेस कळवावे. रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते.

वडीलधाऱ्या आवाजास नकार देणे मुलांस जड जाते. यास्तव वर्गात संवाद करवून नकाराचा सराव घ्यावा.